नांगराच्या कंपनीने मासिकात छापलं तरी काय? शंकरराव किर्लोस्करांची गोष्ट

मागच्या एप्रिलमध्ये मी वेबसाइटवर टाकलेल्या एका लेखामुळे काटोलकडच्या एका शेतकऱ्याची मोटर जळाली. म्हणून आज एका अशा माणसाबद्दल लिहितोय, ज्याने शंभर वर्षांपूर्वी माझ्यासारखंच काम हातात घेतलं होतं आणि ते माझ्यापेक्षा खूप बरं केलं. त्यांच्याकडे ना इंटरनेट होतं, ना आजच्यासारखे वाचक. विकायचा होता तो लोखंडी नांगर.

आधी माझी भानगड सांगतो. मी नागपूरचा, आयटीत नोकरी करतो. माझ्या मामांचा हिंगणा एमआयडीसीत छोटासा कारखाना आहे. तिथे सबमर्सिबल पंपाचे स्टार्टर बनतात. शेतात बोअरजवळ, बांधावर किंवा खोपडीत टांगलेला पत्र्याचा डबा तुम्ही पाहिला असेल. एक हिरवं बटण, एक लाल बटण, आत कॉन्टॅक्टर आणि रिले. एवढंच. मामांनी मला वेबसाइट करायला सांगितली, मी दोन रविवारांत केली. मग प्रश्न आला की तिच्यावर लिहायचं काय. डब्यावर काय लिहिणार बाप्पा! मी एका एआय टूलला विषय विचारले, त्याने चाळीस दिले. त्याच्याकडूनच चाळीस लेख लिहून घेतले आणि एकही नीट न वाचता टाकून दिले. स्टार्टरचे दहा फायदे, स्टार्टर निवडताना सात चुका, असला सगळा माल.

त्यातल्या एका लेखात लिहिलं होतं की ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होत असेल तर त्याची सेटिंग थोडी वाढवून बघा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटर नेहमीपेक्षा जास्त करंट ओढायला लागली की ती बंद पाडणं हे रिलेचं काम. मोटरच्या पाटीवर जितके अँपिअर लिहिलेत, त्याप्रमाणेच तो सेट करायचा असतो. रिले ट्रिप होतोय म्हणजे आधी व्होल्टेज कमी आहे का, एखादा फेज गेलाय का, पंप अडकलाय का, ते बघायचं. सेटिंग वाढवणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून देणं. त्या शेतकऱ्याने लेख वाचला, सेटिंग वाढवली आणि मोटर जळाली. बोअरमधून ती वर काढायची, रिवाइंडिंगला न्यायची, परत सोडायची, यात चार दिवस गेले. एप्रिलचं ऊन, झाडावर आंबिया बहाराची संत्री, आणि चार दिवस पाणी नाही. किती फळ गळलं ते त्यांनी मामांना फोनवर सांगितलं. मामांनी रिवाइंडिंगचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले.

मला ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की हे लिहिताना मी कोणाचा विचार करत होतो. मी खरं सांगितलं, गूगलचा. आणि हेही म्हणालो की मामा, या धंद्यात लिहिण्यासारखं काही नाहीच, म्हणून असं झालं. मामा उठले आणि माळ्यावरची एक लोखंडी पेटी खाली काढली. आत त्यांच्या आजोबांनी बांधून ठेवलेले ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ या मासिकांचे जुने अंक होते. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. किर्लोस्कर म्हणजे पंप, एवढंच मला माहीत होतं. मामा म्हणाले, ज्या कंपनीने हे मासिक काढलं ती तेव्हा नांगर आणि कडबा कापायची यंत्रं विकायची, आता शोध यात नांगर कुठे आहे. मी बराच वेळ शोधला. जाहिराती सापडल्या. बाकी कथा होत्या, व्यंगचित्रं होती, विज्ञान होतं, घरातली भांडणं होती, अंधश्रद्धेवर टीका होती.

हे सगळं उभं करणारा माणूस म्हणजे शंकर वासुदेव किर्लोस्कर. जुने वाचक त्यांना शंवाकि म्हणत.

काका यंत्राकडे, पुतण्या रंगांकडे

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा. वडील वासुदेवराव सोलापुरात डॉक्टर होते. घराणं मूळचं बेळगाव भागातलं, गुर्लहोसूरचं. ‘संगीत सौभद्र’ लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच गावचे. वासुदेवरावांचे धाकटे भाऊ लक्ष्मणराव, म्हणजे शंकररावांचे काका, ज्यांना आपण किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक म्हणून ओळखतो.

काकांची गोष्ट थोडक्यात सांगायलाच हवी, नाहीतर पुतण्याचं काम कळणार नाही. लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे भावासोबत सायकलींचं दुकान होतं. मग कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर चांगला होता, पण कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष पसरतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. इथे जरा थांबा. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट तयार होतं, किंमत ठीक होती, गरजही खरी होती. लाकडी नांगर वरवर ओरखडे काढायचा, लोखंडी नांगर माती खालून उलटी करायचा, हरळी आणि कुंद्यासारखं खोल मुळांचं तण त्यानेच निघायचं. अडचण होती ती घेणाऱ्याच्या मनातल्या भीतीची. आणि ती भीती जाहिरातीत मोठ्या अक्षरात नांगराचं नाव छापून जाणार नव्हती.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिलं. निवडुंग, दगड आणि साप. १० मार्च १९१० ला तिथे वसाहतीची सुरुवात झाली, तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात येते आणि तिथल्या रेल्वे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी आहे. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी तिथे पहारेकरी नेमलं होतं, हा किस्सा तुम्ही कदाचित ऐकला असेल.

पुतण्याची वाट नेमकी उलटी. शंकररावांना रंग दिसतही होते आणि आवडतही होते. ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांकडे लाहोरला चित्रकला शिकले. सातवळेकर पुढे वेदांचे अभ्यासक म्हणून नावारूपाला आले, पण तेव्हा त्यांचा चरितार्थ चित्रं आणि फोटोंवर चालायचा. म्हणजे बघा, मराठी मुलगा, गुरूही मराठी, आणि शिकवणी चालू लाहोरला. तिथून परतल्यावर चांगला हात असलेला हा तरुण चित्रकार कुठे गेला? तर काकांच्या ओतशाळेत, नांगर विकायला. माझ्या बॅचचे काही जण चांगलं डिझाइन शिकून शेवटी बँकेच्या ॲपची बटणं रंगवत बसलेत, त्यांना हे दुःख कळेल. फरक एवढाच की शंकररावांनी त्याला दुःख मानलेलं दिसत नाही.

१९२० : ‘किर्लोस्कर खबर’

जाहिराती आणि विक्रीचं काम करता करता १९२० मध्ये शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं मासिक सुरू केलं. तेव्हा ते २८-२९ वर्षांचे होते. मीही त्याच वयाचा आहे, म्हणून हा आकडा मला जरा टोचतो.

त्या काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आमच्या नागपुरात काँग्रेसचं मोठं अधिवेशन भरलं आणि असहकाराचा ठराव पक्का झाला. स्वदेशी हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. पण १९२१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता साधारण ७ टक्के निघाली. म्हणजे ज्याला नांगर विकायचाय, त्या शेतकऱ्याला बहुतेक वेळा वाचताच येत नव्हतं. अशा वेळी नांगराच्या कारखान्याने मासिक काढायचं, ही कल्पना आजही कोणत्या मॅनेजरसमोर मांडून बघा, तो तुम्हाला चहा पाजून घरी पाठवेल.

जगात असं कोणी केलं नव्हतं असं मात्र नाही. अमेरिकेत जॉन डिअर या नांगर बनवणाऱ्या कंपनीचं ‘द फरो’ हे शेतीचं मासिक १८९५ पासून निघत होतं. फरो म्हणजे नांगराचं तास. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायरच्या कंपनीने १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी फुकट पुस्तिका काढली, तिच्यात गॅरेज कुठे, पेट्रोल कुठे, जेवण कुठे, हे सगळं होतं. लोक जितके फिरतील तितके टायर झिजतील, असा सरळ हिशेब. आज त्याच पुस्तिकेचे तारे मिळावेत म्हणून जगातले मोठमोठे आचारी धडपडतात. टायर आणि नांगर, दोन्ही धंदे तसे कंटाळवाणेच. दोघांनीही लिहिलं ते वस्तू वापरणाऱ्याच्या दिवसाबद्दल.

शंकररावांनी हेच केलं, पण ते यापेक्षा बरेच पुढे गेले. ‘खबर’ सुरू झालं ते कारखान्याचं मुखपत्र म्हणून. यंत्रांची माहिती होती, शेतीची होती. पण नांगर घेणारा माणूस दिवसभर नांगरच धरून बसत नाही, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं असावं. त्याचा मुलगा शिकून नोकरी शोधतोय. बायकोला घराबाहेर पडायचंय आणि सासू नको म्हणतेय. गावात पटकी आली की लोक देवीला कौल लावतायत. त्याला स्वतःला छोटा धंदा करावासा वाटतोय, पण मराठी माणसाने धंदा करावा की नाही इथूनच गाडी अडलीय. हे सगळे विषय हळूहळू मासिकात आले. उद्योग कसा करावा, स्वतःच्या हिमतीवर उभं राहिलेल्या माणसांच्या ओळखी, आरोग्य, विज्ञान, प्रवास, कथा.

आता तुम्ही म्हणाल, यात नांगराचा काय संबंध? मला पेटीतले अंक चाळताना संबंध असा दिसला. लोखंडाने जमीन विषारी होते असं मानणारं मन आणि पटकी आली की कौल लावणारं मन एकच आहे. त्या मनाला नवीन गोष्ट हातात धरून बघायची सवय लागली, तर नांगर आपोआप विकला जाईल. एकट्या नांगराची बाजू मांडत बसलात तर समोरच्याला तुम्ही विक्रेते वाटणार. हा माझा अर्थ आहे, चुकीचाही असू शकतो. पण दुसऱ्या कोणत्याही हिशेबाने त्या पानांची संगती मला लागत नाही.

आणि वाचता न येणाऱ्याचं काय? इथे लाहोरची चित्रकला कामाला आली. शंकरराव स्वतः व्यंगचित्रं काढत. ‘टाकाच्या फेकी’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. टाक म्हणजे दौतीत बुडवून लिहायची लेखणी, आणि ती झटकली की उडतात त्या शाईच्या फेकी. ढोंगी बुवा, हुंडा मागणारा बाप, नवऱ्याचा तोरा, हे सगळं त्या फेकींत सापडायचं. चित्राला साक्षरता लागत नाही. गावात एकाने अंक वाचायचा, चार जणांनी ऐकायचा आणि चित्र सगळ्यांनी बघायचं. आपण ज्याला मीम म्हणतो, त्याचे हे पणजोबाच म्हणायचे.

शंकररावांच्या आयुष्यात मला सगळ्यात धाडसाची वाटते ती गोष्ट म्हणजे धंद्याचं नाव पणाला लावून त्यांनी वाद अंगावर घेतले. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, राजकारणात भाग घ्यायला त्यांना बंदी होती. त्या काळात आणि नंतरही त्यांचे विज्ञाननिष्ठ निबंध, धार्मिक रूढींवर कडक टीका करणारे, ‘किर्लोस्कर’मध्ये छापले गेले. सनातनी वाचक संतापायचे. विचार करा, ग्राहक कोण, तर गावातला रूढी पाळणारा शेतकरी. आणि तुम्ही त्याच्याच रूढींवर लेख छापताय. आज एखादी पंप कंपनी असं करेल? मला तरी वाटत नाही. आजच्या कंपन्या दिवाळीच्या शुभेच्छा टाकतानाही तीन जणांची परवानगी घेतात.

पुढे मासिकाच्या नावातली ‘खबर’ गळली आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं. ‘गोट्या’ लिहिणारे ना. धों. ताम्हनकर किर्लोस्करवाडीतच या मासिकांच्या कामात होते, त्यांच्या ‘दाजी’च्या गोष्टी इथल्याच. हे सगळं चालायचं एका माळावरच्या वसाहतीतून. ओतशाळेचा धूर एका बाजूला आणि छापखाना दुसऱ्या बाजूला. पुण्या-मुंबईत बसून मासिक चालवणाऱ्यांनाही जमलं नाही ते या वाडीने केलं.

‘स्त्री’ आणि ‘मनोहर’

१९३० मध्ये ‘स्त्री’ निघालं आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. ‘स्त्री’बद्दल थोडं जास्त बोलावंसं वाटतं, कारण पेटीत तिचेच अंक सगळ्यात जास्त झिजलेले होते. मामांनी सांगितलं की त्यांची आजी दुपारी सगळे झोपले की हे वाचायची. शिक्षण, लग्न, विधवांचे प्रश्न, बाईने कमवावं का, नवऱ्याशी पटत नसेल तर काय, असे विषय तिथे खुलेपणाने यायचे. नांगर किंवा चरक विकत घ्यायचा निर्णय तेव्हा बाई घेत नव्हती. मग कंपनीला यातून काय मिळालं? एक्सेलच्या शीटमध्ये याचं उत्तर शून्य येईल. पण मामांच्या आजीने आयुष्यात कधी नांगर धरला नव्हता, आणि तरी किर्लोस्कर हे नाव तिला घरातल्या माणसासारखं होतं. पुढे मामांच्या वडिलांनी विहिरीवर पंप बसवला तेव्हा कोणता घ्यायचा यावर घरात चर्चाच झाली नाही म्हणे. अर्थात ही एका घराची गोष्ट. यावरून सिद्धांत काढू नका. पंपही चांगला होता.

‘स्त्री’ची ती परंपरा लांब चालली. विद्या बाळ यांनी अनेक वर्षं तिच्या संपादन विभागात काम केलं, पुढे त्या संपादकही झाल्या आणि नंतर १९८९ मध्ये स्वतंत्रपणे ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. म्हणजे एका नांगराच्या कारखान्यात लावलेलं रोप कुठवर पोचलं ते बघा.

मात्र एक प्रश्न मला छळतो आणि तो लपवणं बरोबर नाही. मासिकं इतकी मोठी झाली की कारखान्यापासून सुटीच झाली. नांगर राहिला जाहिरातीच्या पानावर. मग हे यश की भरकटणं? माझ्या ऑफिसमधल्या मार्केटिंगवाल्या मैत्रिणीच्या मते हे भरकटणंच, कारण ज्या मजकुरामुळे विक्री किती झाली ते मोजता येत नाही त्यावर पैसा लावू नये. मी पूर्वी तिच्या बाजूचा होतो. पण माझे चाळीस लेख तर पूर्ण मोजता येत होते. किती जणांनी उघडले, किती सेकंद थांबले, सगळं. त्या काटोलच्या शेतकऱ्याची भेट त्यात बहुतेक एक यशस्वी भेट म्हणून नोंदली गेली असेल, कारण त्याने लेख शेवटपर्यंत वाचला होता.

शेवटची वर्षं

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीही होरपळली, कारखान्याचं मोठं नुकसान झालं. वसाहत पुन्हा उभी राहिली, मासिकंही चालू राहिली. पुढे त्यांचं बिऱ्हाड पुण्यात गेलं आणि संपादनाची धुरा शंकररावांचे चिरंजीव मुकुंदराव यांच्याकडे आली. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. काकांचं चरित्र पुतण्यानेच लिहिलं, ‘यांत्रिकाची यात्रा’. ज्या माणसाला रंग दिसत नव्हते त्याचं आयुष्य रंग शिकलेल्या माणसाने शब्दांत मांडलं. आणि अगदी अखेरीस स्वतःचं आत्मचरित्र, ‘शंवाकीय’. १ जानेवारी १९७५ ला शंकरराव वारले. ८३ वर्षांचं आयुष्य, त्यातली बहुतेक मासिकांच्या पानांत गेलेली.

मामांचा डबा

पेटी परत माळ्यावर गेली. मी ते चाळीस लेख उडवले, आणि रिलेबद्दलची चूक दुरुस्त करून, ती माझी चूक होती हे लिहून, एक नवीन पान टाकलं. मग विषय शोधायला कीवर्ड टूल न उघडता कारखान्यात गेलो. तिथे सर्व्हिसचे फोन घेणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे एक लांबट वही असते, किराणा दुकानात असते तशी. आलेला प्रत्येक फोन त्यात, तारीख आणि गावासकट. सहा वर्षांच्या सहा वह्या निघाल्या. मी दोन शनिवार बसून पानांचे फोटो काढले आणि काकांनी त्यांची अक्षरं मला वाचून दाखवली, कारण ती त्यांच्याशिवाय कोणालाच वाचता येत नाहीत.

त्या वह्यांत काय नव्हतं! रात्री बाराला लाइन येते, तेव्हा अंधारात शेतात जाऊन बटण कोण दाबणार, आणि साप-विंचवाचं काय. मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर घेतला, पण शेतात रेंजच नाही. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटर नुसती घूं करते. त्याला सिंगल फेजिंग म्हणतात, अशा वेळी लगेच बंद केली नाही तर वाइंडिंग जळतं, आणि ते टाळायला डब्यात एक छोटं यंत्र बसवता येतं. बोअरचं पाणी उतरलं आणि पंप कोरडा चालला. पावसाळ्यात डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणजे अर्थिंग गेलंय. एका म्हाताऱ्या बाईंचा फोन होता, मुलगा पुण्याला गेला, आता स्टार्टर मला शिकवा. तो विषय मी सगळ्यात आधी घेतला. व्हिडिओ केला, कारखान्यातल्याच एका ताईंनी बोलून दाखवला, वऱ्हाडी बोलीत.

आणि एक प्रश्न वह्यांत वारंवार येत होता, जो मामांना नको होता. सौर पंप घेऊ का? २०२४ पासून राज्यात मागेल त्याला सौर कृषिपंप योजना आहे, आणि सौर पंपाचा कंट्रोलर वेगळा असतो, त्याला आमच्या डब्याची गरज नसते. त्यावर लिहायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. मामा तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच मुद्दे काढून दिले, कोणाला सौर परवडतो, कोणाला नाही, किती खोल बोअरला किती एचपी, ढगाळ दिवसांत काय होतं. कुठेही आपला डबा घ्या असं लिहायचं नाही, एवढी अट घातली. तो लेख अजून कच्चा आहे, एका जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय टाकणार नाही. एकदा पोळलोय.

या आठवड्याचा विषय आहे पाल. हसू नका. ऊब आणि किडे मिळतात म्हणून पाली डब्यात शिरतात, कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांमध्ये सापडतात, आणि स्टार्टर अडकतो किंवा शॉर्ट होतो. वह्यांत दर उन्हाळ्यात हे फोन आहेत. केबल आत येते ते भोक रबरी ग्रंथीने बंद केलं की बहुतेक काम होतं. मी मामांच्या व्हॉट्सॲप चॅनेलवर लोकांना त्यांच्या डब्यातले फोटो पाठवायला सांगितले, आणि काल रात्रीपासून माझ्या फोनमध्ये पाली, मुंग्या, एक उंदराचं घरटं आणि नरखेडहून आलेला, डब्यात वेटोळं घालून बसलेल्या सापाचा फोटो जमा झालाय. सापाच्या फोटोवर काटोलच्या त्याच शेतकऱ्याने खाली लिहिलंय की भाऊ, याचा लेख आधी टाका.